चार सिमकार्डांचं कूळ

उल्हासनगर कॅम्प ५ मधल्या चालिहा साहिब मंदिरात उपवासाचे चाळीस दिवस संपत आले की भाविकांची रीघ लागते. अशा गर्दीत टॉवरवर ताण येतो आणि लाइव्ह चाललेलं चित्र जागीच अडकतं. त्यावरचा व्यावसायिक उपाय पाठीवरच्या पिशवीत असतो: निरनिराळ्या कंपन्यांची सिमकार्डं आणि चित्राचे तुकडे त्यांच्यात वाटून देणारं यंत्र.

याचं कूळ सांगताना बहुतेक जण इस्रायलच्या लाइव्हयू कंपनीपाशी थांबतात, स्थापना 2006. संगणकवाले 1994 च्या मल्टिलिंक पीपीपीचं नाव घेतात. त्यात अनेक टेलिफोन जोडण्या एकत्र बांधून एकच रुंद वाट करत. मला हे मूळ अपुरं वाटतं. तिथे हवा होता वेग. पिशवीची सगळी भिस्त मात्र एका गोष्टीवर आहे: एक सिम बुडालं त्याच क्षणी बाकीची बुडत नाहीत.

ही युक्ती लघुलहरींच्या काळातली आहे. 1927 साली खडकीहून इंग्लंडला बिनतारी संदेश जाऊ लागले, तिकडचे दौंडला उतरू लागले. आयनांबरावरून परतणाऱ्या लहरी अनेक वाटांनी येतात, एकमेकींना खोडतात आणि संदेश मध्येच विरतो. पण एका जागी विरला तरी काही शे फुटांवर तो ठणठणीत असू शकतो! अमेरिकेतल्या आरसीएच्या बेव्हरेज आणि पीटरसन यांनी दूरदूरचे अँटेना एकत्र जोडून हाच फरक कामाला लावला. 1931 साली ती पद्धत छापून आली. पुढे मोबाइल टॉवरांनीही ती उचलली. पिशवीत ती तिथूनच उतरली, असं माझं ठाम मत आहे.

आक्षेप येईल की रेडिओत सगळे अँटेना एकच संदेश ऐकत, इथे प्रत्येक सिम वेगळा तुकडा नेतं. बरोबर. म्हणून पिशवीला आजोळही मानावं लागतं: 1960 ची रीड आणि सॉलोमन यांची संकेतपद्धती. जादा तुकडे सोबत धाडायचे, हरवलेले त्यांवरून पुन्हा घडवायचे.

तेव्हा लाइव्हसाठी दोन कंपन्यांची सिम घेणार असाल, तर दोघींचे अँटेना एकाच टॉवरवर नाहीत ना, ते आधी पाहा. तिथली वीज आणि बॅटरी संपली की दोन्ही एकदमच बंद पडतात.