ब्रेक आणि हेल्मेट : डोकं वाचवण्याचा शंभर वर्षांचा इतिहास

"डॉक्टर, मी तर गावातल्या गावात चालवतो. तीस-चाळीसच्या वर कधी जात नाही. मग हेल्मेट कशाला?" हा प्रश्न दुचाकी चालवणारे अनेक जण विचारतात. त्याच्या जोडीला दुसरं एक वाक्यही ऐकू येतं : "आपला ब्रेक पक्का आहे, आपल्याला काही होत नाही." या दोन्हींचं उत्तर इतिहासात सापडतं. हेल्मेट आज रस्त्यावर दिसतं त्यामागे डॉक्टरांनी वर्षानुवर्षं केलेल्या नोंदी आहेत. ब्रेक कसा दाबावा हेही अपघातांच्या अभ्यासातूनच कळत गेलं. त्या कामाची ही गोष्ट.

कॅनव्हास आणि लाखेची टोपी

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मोटरसायकलवाले कापडी किंवा चामड्याची टोपी घालत. ती वाऱ्यापासून आणि धुळीपासून वाचवायची, आघातापासून नाही. इंग्लंडमध्ये ब्रुकलँड्स नावाचा शर्यतींचा ट्रॅक होता. तिथले वैद्यकीय अधिकारी डॉ. एरिक गार्डनर यांच्याकडे डोक्याला मार लागलेले स्वार वारंवार येत. त्यांनी कॅनव्हासवर लाखेचा थर चढवून एक कडक टोपी बनवून घेतली. १९१४ मध्ये आइल ऑफ मॅन बेटावरच्या प्रसिद्ध टीटी शर्यतीत स्वारांना अशी टोपी सक्तीची झाली. स्वारांनी कुरकुर केली, पण घातली.

शर्यतीपुरता प्रश्न सुटला. रोजच्या रस्त्यावर मात्र पुढची सत्तावीस वर्षं विशेष काही बदललं नाही.

लॉरेन्सचा अपघात

'लॉरेन्स ऑफ अरेबिया' हा चित्रपट ज्यांनी पाहिला असेल त्यांना आठवेल की त्याची सुरुवातच मोटरसायकलच्या अपघाताने होते. तो प्रसंग खराच घडला होता. पहिल्या महायुद्धात गाजलेले टी. ई. लॉरेन्स १३ मे १९३५ रोजी इंग्लंडच्या डॉर्सेट भागात आपल्या ब्रफ सुपीरियर मोटरसायकलवरून घरी परतत होते. रस्त्यात खोलगट भाग होता. त्यामुळे सायकलवरची दोन मुलं त्यांना उशिरा दिसली. त्यांना चुकवताना लॉरेन्स गाडीवरून फेकले गेले. डोक्यावर काहीही नव्हतं. सहा दिवस ते बेशुद्ध होते आणि १९ मे रोजी वयाच्या ४६व्या वर्षी गेले.

त्यांना तपासण्यासाठी बोलावलेल्या डॉक्टरांमध्ये ह्यू केर्न्स नावाचे मेंदूशल्यचिकित्सक होते. केर्न्स मूळचे ऑस्ट्रेलियाचे. अमेरिकेत हार्वे कुशिंग यांच्या हाताखाली मेंदूची शस्त्रक्रिया शिकून ते इंग्लंडला परतले होते. लॉरेन्ससाठी त्यांना काहीच करता आलं नाही. मेंदूला एकदा जबर मार बसला की सर्जनच्या हातात फार थोडं उरतं. आज सीटी स्कॅन आणि आयसीयू आहेत, तरी हे वाक्य बऱ्याच अंशी खरंच आहे. फाटलेली कातडी शिवता येते, मोडलेलं हाड जुळवता येतं, पण मेलेल्या मेंदूपेशी परत येत नाहीत.

केर्न्स यांनी मोजायला घेतलं

१९३९ मध्ये दुसरं महायुद्ध सुरू झालं. बॉम्बहल्ल्यांच्या भीतीने ब्रिटनमध्ये रात्री दिवे बंद असत. लष्कराचे निरोपे मोटरसायकलवरून त्या अंधारात धावत. केर्न्स तेव्हा ऑक्सफर्डला प्राध्यापक होते. तिथल्या सेंट ह्यूज कॉलेजच्या इमारतीत डोक्याच्या जखमांसाठी खास लष्करी रुग्णालय उभं राहिलं होतं.

ऑक्टोबर १९४१ मध्ये केर्न्स यांचा लेख ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये आला. युद्धाच्या पहिल्या २१ महिन्यांत ब्रिटनच्या रस्त्यांवर २२७९ मोटरसायकलस्वार आणि मागे बसणारे मरण पावले होते. मृत्यूचं सर्वांत मोठं कारण डोक्याची इजा हेच होतं. हेल्मेट घालून अपघात झालेले फक्त सात जण त्यांच्या पाहण्यात आले होते, आणि ते सातही जण वाचले होते.

सात हा आकडा लहान आहे आणि त्यावरून मोठा निष्कर्ष काढता येत नाही. पण लष्कराने तो इशारा गांभीर्याने घेतला. नोव्हेंबर १९४१ पासून कामावर असलेल्या लष्करी मोटरसायकलस्वारांना हेल्मेट सक्तीचं झालं. १९४३ मध्ये केर्न्स यांनी ऑक्सफर्डचे भौतिकशास्त्रज्ञ होलबर्न यांच्यासोबत हेल्मेटधारकांच्या आणखी अपघातांचा अभ्यास मांडला. युद्ध संपल्यावर १९४६ मध्ये त्यांनी महिन्यामहिन्याचे मृत्यू मांडून दाखवले. नोव्हेंबर १९४१ नंतर ते कमी होत गेले होते.

युद्धकाळात इतरही अनेक गोष्टी बदलत होत्या, त्यामुळे सगळं श्रेय हेल्मेटला देता येणार नाही. पण हेल्मेट घातलेल्यांच्या जखमाच वेगळ्या आणि सौम्य दिसत होत्या, हे केर्न्स यांनी स्वतः पाहिलं होतं.

केर्न्स १९५२ मध्ये वारले. ब्रिटनमध्ये सर्व मोटरसायकलस्वारांना हेल्मेटसक्ती झाली ती जून १९७३ मध्ये, म्हणजे त्यांच्या पहिल्या लेखानंतर ३२ वर्षांनी.

आतला थर महत्त्वाचा

केर्न्स यांच्या काळातली हेल्मेटं रबराची किंवा दाबलेल्या लगद्याची असत. आत पट्ट्यांची झोळी असे. पुढची मोठी सुधारणा अमेरिकेत झाली. दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठातले लोम्बार्ड आणि त्यांचे सहकारी रॉथ यांना १९५३ मध्ये एका हेल्मेटचं पेटंट मिळालं. त्यात बाहेर कडक कवच होतं आणि आत चिरडला जाणारा जाड थर. आजच्या हेल्मेटमधला थर्माकोलसारखा पांढरा भाग त्याच कल्पनेतून आला.

हा थर काय करतो ते समजून घ्या. उभ्या माणसाचं डोकं साधारण दीड मीटर उंचीवरून खाली आदळलं, तर जमिनीला लागताना त्याचा वेग ताशी २० किलोमीटरच्या जवळ असतो. गाडी सिग्नलला थांबलेली असताना तोल गेला तरी हे घडू शकतं. डांबरावर उघडं डोकं काही मिलिमीटरमध्येच थांबतं. हेल्मेटचा थर चिरडत गेला तर तेच डोकं दोन-तीन सेंटिमीटरमध्ये थांबतं. थांबायला पाचपट अंतर मिळालं की डोक्यावरचा सरासरी जोर पाचव्या हिश्शावर येतो. "मी हळू चालवतो" याचं उत्तर हेच आहे. खाली पडताना डोकं किती जोरात आदळेल हे मुख्यतः उंचीवर ठरतं.

आणखी एक लक्षात ठेवा. चिरडलेला थर पुन्हा फुगत नाही. एकदा जोरात आदळलेलं हेल्मेट बाहेरून चकचकीत दिसलं तरी त्याचं काम झालेलं असतं.

सगळी हेल्मेटं मात्र सारखी नव्हती. १९५६ मध्ये कॅलिफोर्नियात पीट स्नेल नावाचा कारशर्यतपटू हेल्मेट घातलेलं असूनही डोक्याच्या इजेने गेला. पुढच्या वर्षी डॉ. जॉर्ज स्नाइव्हली यांच्या पुढाकाराने त्याच्या नावाने संस्था निघाली आणि हेल्मेटं आपटून, मोजून तपासली जाऊ लागली. आपल्याकडे हेच काम आयएस ४१५१ हे मानक करतं. हेल्मेटवरचा आयएसआय शिक्का म्हणजे त्या मानकाची खूण.

दोन सेकंदांपेक्षा कमी वेळ

ब्रेकबद्दलची समज बरीच उशिरा आली. त्याच विद्यापीठातले हॅरी हर्ट आणि त्यांचा चमू लॉस एंजेलिस परिसरात अपघाताच्या जागी जाऊन पाहणी करत असे. त्यांनी ९०० अपघात स्वतः तपासले, पोलिसांचे ३६०० अहवालही वाचले आणि १९८१ मध्ये अहवाल दिला. त्यातल्या काही गोष्टी आजही जशाच्या तशा लागू पडतात :

- धोका दिसल्यापासून धडकेपर्यंत स्वाराच्या हातात सहसा दोन सेकंदांपेक्षा कमी वेळ होता.
- बहुतेक अपघात मध्यम वेगात झाले. धोका दिसण्याआधीचा मध्यक वेग ताशी सुमारे ४८ किलोमीटर होता आणि धडकेच्या क्षणी सुमारे ३५.
- अनेकांनी घाबरून मागचा ब्रेक पूर्ण दाबला, चाक घसरवलं आणि पुढचा ब्रेक पुरेसा वापरलाच नाही.
- हेल्मेटमुळे ऐकू न येणं, कडेचं न दिसणं किंवा मानेला जास्त इजा होणं, यातलं काहीही आढळलं नाही.

पुढचा ब्रेक टाळण्याची सवय आपल्याला सायकलपासून लागते. "पुढचा ब्रेक दाबलास तर तोंडावर पडशील" हे आपण सगळ्यांनी ऐकलेलं आहे. पण ब्रेक लागताच गाडीचा भार पुढच्या चाकावर जातो. पुढचं चाक रस्त्याला घट्ट धरतं आणि मागचं हलकं होऊन घसरतं. म्हणून थांबवण्याची खरी ताकद पुढे असते. धोका हिसक्यात आहे. ब्रेक झटकन आवळला तर चाक अडकतं. आधी थोडा दाबून, भार पुढे येऊ देऊन मग जोर वाढवला तर चाक फिरत राहतं.

ढोबळ हिशेब पाहू. वेग ताशी ५०. सावध व्हायला एक सेकंद लागला तर तेवढ्यातच गाडी १४ मीटर पुढे जाते. त्यानंतर कोरड्या रस्त्यावर दोन्ही ब्रेक नीट वापरणारा आणखी साधारण १४ मीटरमध्ये थांबतो. फक्त मागचा ब्रेक वापरणाऱ्याला त्याच्या जवळपास दुप्पट अंतर लागतं. म्हणजे पहिला जिथे थांबून उभा असतो, तिथून दुसरा अजून ताशी ३५च्या वेगाने जात असतो.

ब्रेक आणि हेल्मेट एकच काम करतात, वेग हळूहळू संपवण्याचं. ब्रेक ते मीटरांमध्ये करतो, तर उरलेलं हेल्मेट सेंटिमीटरांमध्ये करतं. ब्रेकने जितका वेग कमी केला, तितका हेल्मेटवरचा आणि शरीरावरचा बोजा कमी होतो. म्हणून एक असताना दुसरं कशाला, हा प्रश्नच उरत नाही.

चाक अडकू न देणारी एबीएस यंत्रणा बीएमडब्ल्यूने १९८८ मध्ये मोटरसायकलवर आणली. भारतात नव्या मॉडेलना एप्रिल २०१८ पासून आणि सर्व नव्या गाड्यांना एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीच्या वर एबीएस सक्तीचं झालं. त्याखालच्या गाड्यांना निदान एकत्रित ब्रेक आला. त्यात एक ब्रेक दाबला की दोन्ही चाकांना थोडा थोडा लागतो.

सक्ती आणि विरोध

हेल्मेटसक्तीला विरोध फक्त आपल्याकडेच झाला असं नाही. अमेरिकेत १९७५ पर्यंत जवळपास सर्व राज्यांत सक्ती होती. १९७६ मध्ये केंद्राचा दबाव निघाला आणि निम्म्याहून अधिक राज्यांनी कायदा रद्द किंवा सैल केला. त्यानंतर मृत्यू वाढले. आपल्याकडे १९८८च्या मोटार वाहन कायद्याच्या कलम १२९ मध्ये चालवणारा आणि मागे बसणारा या दोघांनाही हेल्मेट सांगितलेलं आहे. तरी पुण्यात सक्तीविरुद्ध पुन्हा पुन्हा आंदोलनं झाली. खराब रस्ते, उकाडा, हेल्मेट ठेवायची अडचण या तक्रारी खऱ्या आहेत. पण त्यातली एकही तक्रार डांबराला मऊ करत नाही.

आज काय कराल?

- हेल्मेट : आयएसआय शिक्क्याचं आणि शक्यतो हनुवटी झाकणारं घ्या. पट्टा लावून डोकं हलवा. हेल्मेट फिरलं किंवा मागून ओढून निघालं तर ते मोठं आहे.
- पट्टा : हनुवटीखाली एक-दोन बोटं मावतील इतका घट्ट बांधा. न बांधलेलं हेल्मेट पडताना आधी निघून जातं.
- मागे बसणारे : पत्नी, मुलगी, आई यांचं डोकंही तेवढ्याच उंचीवरून पडतं. दुसरं हेल्मेट घ्या.
- हातमोजे आणि बूट : पडताना माणूस आधी हात टेकतो. तळहाताला जाड मोजे आणि घोटा झाकणारे बूट घाला. रोज लांब प्रवास असेल तर खांदे, कोपर आणि गुडघ्यांना पॅड असलेले कपडे घ्या.
- ब्रेकचा सराव : रिकाम्या, कोरड्या मैदानात किंवा रस्त्यावर ताशी २० पासून सुरू करा. गाडी सरळ, नजर समोर, दोन्ही ब्रेक एकत्र, पुढचा हळूहळू वाढवत. जमलं की ३०, मग ४०. एबीएस असेल तर जोरात दाबून धरून ठेवा. हाताला थरथर जाणवली तरी सोडू नका.
- वळणावर, वाळूवर, ओल्या रस्त्यावर : वेग आधीच कमी करा. तिथे जोरात ब्रेक लावायची वेळ येऊ देऊ नका.
- डोक्याला मार लागला तर : बेशुद्धी, वारंवार उलटी, वाढती डोकेदुखी, गोंधळलेलं बोलणं, गुंगी, झटका, किंवा नाका-कानातून पाणी वा रक्त येणं यातलं काहीही दिसलं तर लगेच रुग्णालयात न्या. हेल्मेट घातलेलं होतं म्हणून थांबू नका.

घरात दुचाकी चालवणाऱ्या प्रत्येकाला हा लेख वाचायला द्या. या रविवारी अर्धा तास काढून पुढच्या ब्रेकचा सराव करा.