कागदावरच राहिलेली डिस्ने वर्ल्डची वाहतूक

अमेरिकेतील फ्लोरिडा राज्यात, ऑर्लँडो शहराच्या नैऋत्येस, 'वॉल्ट डिस्ने वर्ल्ड' हे विस्तीर्ण मनोरंजन संकुल वसलेले आहे. चार मोठी थीम पार्क, डझनावारी हॉटेले, सरोवरे, बाजारपेठा आणि त्यांना जोडणारे रस्ते असा त्याचा पसारा आहे. साठच्या दशकात डिस्ने कंपनीने येथे सुमारे २७ हजार एकर जमीन खरेदी केली, तेव्हा केवळ करमणुकीचे उद्यान उभारणे हा तिचा हेतू नव्हता. भविष्यातील शहरात माणसांनी कसे राहावे आणि विशेषतः कसा प्रवास करावा, याचा नमुना जगासमोर ठेवावा, अशी वॉल्ट डिस्ने यांची मनीषा होती. त्यातील उद्याने उभी राहिली, भरभराटीसही आली. वाहतुकीचे जाळे मात्र बव्हंशी नकाशावरच राहिले. जमीन, पैसा, तंत्रज्ञान आणि कायद्याचे पाठबळ या चारही गोष्टी हाताशी असताना असे का घडावे, हा नगररचनेच्या अभ्यासकांना आजही विचार करायला लावणारा प्रश्न आहे.

१९६६ चा आराखडा

फ्लोरिडा प्रकल्पाची जाहीर घोषणा १५ नोव्हेंबर १९६५ रोजी झाली. पुढच्या वर्षी ऑक्टोबरमध्ये वॉल्ट डिस्ने यांनी एका माहितीपटाच्या चित्रीकरणात आपली कल्पना भल्यामोठ्या नकाशासमोर उभे राहून समजावून सांगितली. तिचा गाभा म्हणजे 'एपकॉट' हे शहर. 'उद्याच्या समाजाचा प्रायोगिक नमुना' असा त्या आद्याक्षरी नावाचा आशय होता. सुमारे २० हजार रहिवाशांच्या या शहराची रचना चाकासारखी होती. मध्यभागी सुमारे ५० एकरांचे, ऊन-पावसापासून संरक्षण देणारे छताखालचे व्यापारी केंद्र, त्याभोवती दाट वस्तीच्या इमारती, मग हिरवा पट्टा आणि सर्वांत बाहेर बैठी घरे.

या शहरात प्रवासाची विभागणी थरांमध्ये केलेली होती. जमिनीवरचा थर पादचाऱ्यांचा. मोटारी आणि मालट्रक यांच्यासाठी भुयारी मार्ग, तेही वेगवेगळ्या पातळ्यांवर. शहरांतर्गत प्रवासासाठी 'पीपलमूव्हर' ही सतत चालणारी, विजेवरची छोटी गाडी. लांब पल्ल्यासाठी मोनोरेल. घरापासून पीपलमूव्हरच्या स्थानकापर्यंत पायी जावे, तेथून शहराच्या मध्यावर यावे आणि मोनोरेलने कामाच्या ठिकाणी पोहोचावे, असा रहिवाशांचा दिनक्रम कल्पिला होता. मोटार लागायची ती सुटीच्या दिवशी फेरफटका मारण्यापुरती.

मोनोरेलचा मार्ग हा या साऱ्या आराखड्याचा कणा होता. दक्षिण टोकाला 'भविष्यातील विमानतळ', मग पाहुण्यांनी आपल्या मोटारी ठेवाव्यात असे प्रवेशसंकुल, त्यानंतर सुमारे एक हजार एकरांची औद्योगिक वसाहत, पुढे एपकॉट शहर आणि उत्तरेला थीम पार्क, असा तो क्रम होता. उद्यानाकडे जाणाऱ्या प्रत्येक पर्यटकाने आधी उद्याचे शहर पाहावे, अशी ही योजना होती. वाहतूक आधी आणि इमारती तिच्या अनुषंगाने, हे तिचे मूलतत्त्व.

१५ डिसेंबर १९६६ रोजी वॉल्ट डिस्ने यांचे निधन झाले. चित्रीकरणाला तेव्हा दोन महिनेही उलटले नव्हते.

कायदा मिळाला, शहर राहिले

फेब्रुवारी १९६७ मध्ये तो माहितीपट फ्लोरिडातील लोकप्रतिनिधी आणि पत्रकारांना दाखवण्यात आला. त्याच वर्षी १२ मे रोजी गव्हर्नर क्लॉड कर्क यांनी स्वाक्षरी केलेल्या कायद्यांनी 'रीडी क्रीक इम्प्रूव्हमेंट डिस्ट्रिक्ट' ही विशेष स्थानिक यंत्रणा अस्तित्वात आली. रस्ते, मलनिस्सारण, अग्निशमन, बांधकाम नियम, इतकेच नव्हे तर विमानतळ आणि अणुवीज केंद्र उभारण्याचेही अधिकार तिला मिळाले. एका खासगी कंपनीच्या प्रभावाखालील यंत्रणेला एवढे अधिकार देण्याचे मुख्य समर्थन म्हणजे नव्या प्रकारचे शहर वसवण्याची ग्वाही हेच होते.

तथापि, शहर म्हटले की रहिवासी आले आणि रहिवासी म्हटले की मतदार आले. स्थानिक कारभारावरचे नियंत्रण त्यांच्याकडे जाण्याची शक्यता कंपनीला परवडणारी नव्हती. शिवाय अशा शहराचा खर्च किती आणि त्यातून उत्पन्न किती, हा हिशेबही जुळत नव्हता. वॉल्ट यांचे थोरले बंधू रॉय डिस्ने यांनी आधी उद्यान पूर्ण करण्याचा निर्णय घेतला आणि १ ऑक्टोबर १९७१ रोजी 'मॅजिक किंगडम' खुले झाले. रॉय यांचेही त्याच वर्षी डिसेंबरमध्ये निधन झाले. पुढे ११ वर्षांनी, १ ऑक्टोबर १९८२ रोजी, 'एपकॉट सेंटर' सुरू झाले खरे; परंतु ते शहर नव्हते, तर तंत्रज्ञान आणि देशोदेशींच्या संस्कृतीचे दर्शन घडवणारे दुसरे थीम पार्क होते. अधिकार शहरासाठी मिळाले आणि वापरले गेले पर्यटनासाठी, ही विसंगती पुढे अनेक दशके चर्चेत राहिली. २०२३ मध्ये राज्य सरकारने या यंत्रणेचे नाव आणि नियंत्रण दोन्ही बदलले. आता ती 'सेंट्रल फ्लोरिडा टुरिझम ओव्हरसाइट डिस्ट्रिक्ट' म्हणून ओळखली जाते.

मोनोरेल कोठे थांबली?

कॅलिफोर्नियातील डिस्नेलँडमध्ये मोनोरेल १९५९ पासूनच धावत होती. जर्मन 'आल्वेग' पद्धतीच्या या गाडीची रचना मुंबईकरांना परिचित असलेल्या मोनोरेलसारखीच, म्हणजे काँक्रीटच्या एका तुळईवर बसून, तिला दोन्ही बाजूंनी कवटाळून धावणारी. फ्लोरिडात १९७१ मध्ये सेव्हन सीज लगून या कृत्रिम सरोवराभोवती तिचा मार्ग सुरू झाला. पाहुण्यांनी मोटारी वाहनतळावर ठेवायच्या आणि मोनोरेलने किंवा बोटीने उद्यान गाठायचे, ही रीत मूळ आराखड्यातील प्रवेशसंकुलाचीच आठवण होय. 'कंटेम्पररी' हॉटेलच्या तर इमारतीतूनच गाडी आरपार जाते.

या सरोवराच्या काठी आशियाई आणि व्हेनिस शैलीतील आणखी हॉटेले बांधून ती मोनोरेलला जोडण्याचा विचार होता. १९७३ च्या तेलटंचाईने पर्यटकांचा ओघ आटला आणि हे बेत मागे पडले. आशियाई हॉटेलसाठी राखलेल्या जागी १९८८ मध्ये 'ग्रँड फ्लोरिडियन' उभे राहिले. व्हेनिस शैलीचे हॉटेल मात्र झालेच नाही.

१९८२ मध्ये मोनोरेल एपकॉटपर्यंत नेण्यात आली. एकूण मार्ग १४.७ मैलांचा, म्हणजे जवळपास २४ किलोमीटरचा झाला आणि विस्तार तेथेच थांबला. १९८९ मध्ये स्टुडिओ पार्क आले, १९९८ मध्ये 'अ‍ॅनिमल किंगडम' आले. दोन्ही ठिकाणी मोनोरेल पोहोचली नाही. ही उद्याने मोनोरेलच्या मार्गावर नव्हे, तर रस्त्यांच्या आधाराने आणि स्वतंत्र वाहनतळांसह वसवली गेली. म्हणजेच मूळ सूत्र उलटले. आधी इमारती, मग जमेल तशी वाहतूक. मोनोरेलचा एकेक मैल अतिशय खर्चिक असतो आणि एकदा बांधलेला मार्ग हलवता येत नाही. याउलट नव्या हॉटेलसाठी एक बसथांबा पुरतो.

दुसऱ्यांच्या दारी चाललेले तंत्र

पीपलमूव्हरची कथाही अशीच आहे. या गाडीच्या डब्यात इंजिन नसते. गती देणारी यंत्रणा मार्गातच बसवलेली असते. एक मोटर बिघडली तरी पुढच्या मोटरी गाडी ढकलत राहतात. १९६७ मध्ये डिस्नेलँडमध्ये सुरू झालेल्या गाडीसाठी मार्गात विजेवर फिरणारी चाके होती. १९७५ मध्ये मॅजिक किंगडममध्ये आलेल्या सुधारित गाडीसाठी विद्युतचुंबकीय मोटरी वापरल्या गेल्या. घर ते शहरकेंद्र असा रोजचा प्रवास घडवण्यासाठी जन्मलेले हे वाहन फ्लोरिडात आजही धावते, पण उद्यानाच्या एका भागात घिरट्या घालणारी करमणुकीची सफर म्हणून.

हे तंत्र इतर शहरांना विकण्याचा प्रयत्न कंपनीने केला. टेक्सासमधील ह्यूस्टनच्या विमानतळावर १९८१ मध्ये टर्मिनलांना जोडणारी अशी गाडी सुरू झाली. मोनोरेललाही बाहेर वाव मिळाला. डिस्ने वर्ल्डमधून निवृत्त झालेल्या जुन्या मोनोरेल गाड्या १९९५ मध्ये लास व्हेगासमधील दोन हॉटेलांदरम्यान धावू लागल्या आणि त्याच मार्गाच्या विस्तारातून २००४ मध्ये तेथे सार्वजनिक मोनोरेल उभी राहिली. यावरून तंत्रज्ञान सदोष होते म्हणून योजना बारगळल्या, असे म्हणण्यास आधार उरत नाही.

विमानतळाचे स्वप्न तर फारच लवकर मावळले. १९७१ मध्ये मॅजिक किंगडमच्या वाहनतळाजवळ सुमारे दोन हजार फुटांची छोटी धावपट्टी बांधण्यात आली. शॉनी एअरलाइन्सची लहान विमाने तेथे काही काळ उतरली आणि ही सेवा लवकरच बंद पडली. दरम्यान, ऑर्लँडोतील मॅकॉय हवाई तळाचे रूपांतर मोठ्या नागरी विमानतळात झाले आणि स्वतःच्या विमानतळाची गरजच राहिली नाही. मात्र त्यामुळे नवा प्रश्न उभा राहिला: विमानतळ ते डिस्ने वर्ल्ड हे अंतर पर्यटकांनी कसे पार करायचे?

दारापर्यंत न आलेली रेल्वे

या प्रश्नाचे उत्तर म्हणून रेल्वे अनेकदा सुचवली गेली. नोव्हेंबर २००० मध्ये फ्लोरिडाच्या मतदारांनी अतिवेगवान रेल्वे बांधण्याची तरतूद थेट राज्यघटनेत समाविष्ट केली. टॅम्पा-ऑर्लँडो हा पहिला टप्पा ठरला. परंतु ऑर्लँडो विमानतळापासून पुढे मार्ग कोणता, यावर वाद झाला. इंटरनॅशनल ड्राइव्ह आणि अधिवेशन केंद्रावरून जाणारा एक पर्याय होता. तेथे इतर हॉटेले आणि प्रतिस्पर्धी उद्याने होती. डिस्नेची पसंती मात्र दक्षिणेकडून थेट आपल्या हद्दीत येणाऱ्या ग्रीनवे मार्गाला होती. नोव्हेंबर २००४ मध्ये मतदारांनीच ती घटनादुरुस्ती रद्द केली.

जानेवारी २०१० मध्ये अध्यक्ष बराक ओबामा यांच्या सरकारने याच मार्गासाठी सव्वा अब्ज डॉलर मंजूर केले आणि पुढे ही मदत दोन अब्जांवर गेली. डिस्ने वर्ल्ड येथे स्थानक नियोजित होते. फेब्रुवारी २०११ मध्ये गव्हर्नर रिक स्कॉट यांनी खर्चवाढीचा बोजा राज्यातील करदात्यांवर पडेल, असे कारण देऊन निधी नाकारला आणि प्रकल्प संपुष्टात आला.

तिसरा प्रयत्न खासगी 'ब्राइटलाइन' कंपनीचा. नोव्हेंबर २०२० मध्ये 'डिस्ने स्प्रिंग्स' या बाजारपेठेत स्थानक बांधण्याचा करार जाहीर झाला. पुढे कंपनीने ग्रीनवेऐवजी अधिवेशन केंद्राजवळून जाणारा मार्ग स्वीकारण्याची तयारी दाखवली. त्या परिसरातील स्पर्धक युनिव्हर्सल कंपनीने स्थानकासाठी जमीनही देऊ केली. नव्या मार्गात आपल्या जागेवरील स्थानक बसत नाही, असे सांगत जून २०२२ मध्ये डिस्ने या योजनेतून बाहेर पडली. सप्टेंबर २०२३ मध्ये ब्राइटलाइनची गाडी मायामीहून ऑर्लँडो विमानतळापर्यंत आली. डिस्ने वर्ल्डपर्यंत नाही. स्थानक सर्वांच्या सोयीचे असावे की एकाच्या दारात, हा वीस वर्षांपूर्वीचा वाद तसाच राहिला.

बस, रोप-वे आणि उद्याचा प्रश्न

आज संकुलातील बहुतांश प्रवास बसने होतो. त्यासाठी शेकडो बसगाड्यांचा ताफा आहे. विमानतळावरून हॉटेलात नेणारी मोफत बससेवा २००५ मध्ये सुरू झाली आणि जानेवारी २०२२ मध्ये बंद झाली. तेव्हापासून पाहुण्यांना टॅक्सी, भाड्याची मोटार किंवा खासगी बस यांचा आधार घ्यावा लागतो. सप्टेंबर २०१९ मध्ये 'स्कायलायनर' हा रोप-वे सुरू झाला. सुमारे तीनशे पाळण्यांच्या या सेवेने एपकॉट व स्टुडिओ पार्क काही हॉटेलांशी जोडले गेले. मोनोरेलच्या १९८२ मधील विस्तारानंतर संकुलात बांधले गेलेले हे पहिलेच मोठे, रस्त्यापासून स्वतंत्र असे वाहतुकीचे साधन. उद्यानांच्या जोडीला स्वस्त दरातील हॉटेलेही त्यात आली, ही जमेची बाजू. तरीही मॅजिक किंगडम आणि अ‍ॅनिमल किंगडम त्याच्या बाहेरच आहेत.

या त्रुटीची किंमत केवळ पर्यटक मोजत नाहीत. सत्तर हजारांहून अधिक लोक या संकुलात नोकरी करतात. त्यांच्यासाठी एपकॉटची पायी अंतरावरची घरे आणि पीपलमूव्हरची स्थानके कधीच अवतरली नाहीत. दूरच्या वस्त्यांमधून, बहुधा स्वतःच्या मोटारीने आणि सतत गजबजलेल्या 'आय-४' महामार्गावरून ते ये-जा करतात. मोटार केवळ सुटीपुरती लागावी, असे ज्या जागेसाठी ठरले होते, तेथे मोटारीवाचून नोकरी टिकवणे कठीण झाले आहे.

जून २०२४ मध्ये स्थानिक यंत्रणा आणि कंपनी यांच्यात झालेल्या १५ वर्षांच्या विकास करारात पाचवे मोठे थीम पार्क उभारण्यास वाव ठेवण्यात आला आहे. ते झाल्यास त्याचे स्थानक आराखड्यात आधी रेखाटले जाते की त्याचा वाहनतळ, यावरून मूळ कल्पनेतील किती अंश शिल्लक आहे, हे कळून येईल.