समासाची जागा : प्रक्षेप, संहिता आणि लिनक्सचा कर्नल

शके 1506 मध्ये (इ.स. 1584) एकनाथांनी ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली आणि यापुढे कोणी तीत स्वतःची ओवी घालू नये, असे कठोर शब्दांत बजावले. शके 1212 पासूनच्या तीन शतकांत लेखनिकांनी व वाचकांनी मूळ पाठात बरेच काही मिसळले होते. प्रक्षेपाचा विचार आपण बहुधा अपराध म्हणून करतो. आमच्या मते त्यात जागेचाही प्रश्न आहे. ज्याला ग्रंथात आपली भर घालावीशी वाटते, त्याने ती कोठे घालावी? समासातली टीप पुढच्या नकलेत ओळींमध्ये शिरते, ती दुसरी जागा नसल्यामुळे.

हाच प्रश्न विसाव्या शतकाच्या अखेरीस एका वेगळ्या संहितेपुढे उभा राहिला. कर्नल म्हणजे संगणकाच्या कार्यप्रणालीचा गाभा. लिनस टोरवाल्ड्स यांनी 1991 मध्ये लिनक्सचा कर्नल जाहीर केला आणि 1992 मध्ये तो अशा परवान्याखाली आणला, की कोणीही त्याची संहिता वाचावी, बदलावी, वाटावी. ही संहिता यंत्राला चालवता येईल अशा रूपात आणण्याचे काम ‘मेक’ हे साधन करते. ते स्टुअर्ट फेल्डमन यांनी 1976 मध्ये बेल प्रयोगशाळेत रचले. तयार झालेला कर्नल योग्य जागी ठेवणे व संगणक सुरू करणाऱ्या प्रोग्रामला त्याची खबर देणे, हे शेवटचे काम मात्र प्रत्येक यंत्रावर निराळे. त्यासाठी मूळ संहितेतच फेरफार केला, तर तो प्रत्येक नव्या आवृत्तीत पुन्हा करावा लागणार. आणि नवी आवृत्ती आज साधारण नऊ-दहा आठवड्यांनी येते.

यावरचा उपाय 1995 च्या एका छोट्या स्क्रिप्टमध्ये सापडतो. तीवर टोरवाल्ड्स यांचे नाव आहे. मूळ मजकूर एच. पीटर अन्विन यांच्या लेखनावरून घेतल्याची नोंदही आहे. ही स्क्रिप्ट आधी वापरकर्त्याच्या स्वतःच्या फोल्डरात ‘इन्स्टॉलकर्नल’ नावाचा प्रोग्राम आहे का, हे पाहते. असला तर आवृत्तीचा क्रमांक, कर्नलची फाइल, तिचा नकाशा आणि ठेवण्याची जागा या चार गोष्टी त्याच्या हाती देऊन ती स्वतः बाजूला होते. अशा राखीव जागेला ‘हुक’ म्हणतात.

एका जागेचे अनेकांसाठी वाटप होणे हा पुढचा टप्पा. डेबियन या लिनक्स-वितरणासाठी मनोज श्रीवास्तव यांनी कर्नल बांधण्याचे जे साधन लिहिले, त्याच्या जोडीच्या एका फाइलीत हुकसाठी एक ओळ असे. तीत एकाच प्रोग्रामचे नाव लिहायचे. दुसऱ्याला हवी असली तर तंटा. पुढे ‘पोस्टइन्स्ट.डी’ या फोल्डराची पद्धत रूढ झाली. ज्याने त्याने आपली स्क्रिप्ट तेथे ठेवावी, दुसऱ्याच्या फाइलीला हात लावू नये. ते जुने साधन मागे पडले, फोल्डर टिकले.

या समासालाही शिस्त आहे. स्क्रिप्टा नावांच्या वर्णक्रमाने चालतात. म्हणून ज्याचे काम शेवटी व्हायला हवे, त्याचे नाव ‘झेडझेड-अपडेट-ग्रब’ असे ठेवलेले आढळते. नावात टिंब असलेली स्क्रिप्ट मुकाट्याने वगळली जाते. एक अडखळली की पुढच्या थांबतात. शिवाय येथे लिहिणाऱ्याला यंत्रावरचे सर्वाधिकार मिळतात. त्याची चूक पुढच्या खेपेस संगणक सुरूच होऊ देणार नाही.

अशी आखलेली जागा संगणकानेच शोधली, असे नाही. डहाणू-तलासरी भागात, रानशेतच्या परिसरात, वारली लग्नघरी सवाष्णी भिंतीवर चौक काढतात. चौकटीच्या आत पालघट देवीचे स्थान ठरलेले असते. भोवती झाडे, माणसे, जनावरे येतात. ठरलेले आणि भर घातलेले एकाच भिंतीवर नांदते, आणि कोणते कोणते हे पाहणाऱ्याला कळते.

पाठचिकित्सा शिकवताना आपण मूळ पाठ कसा वाचवावा, एवढेच सांगतो. वाचकाची भर कोठे वाचवावी, हा प्रश्नही त्याच तासाला विचारायला हवा. एकनाथपूर्व काळातल्या त्या अनाम ओवीकारांना वेगळी जागा मिळाली असती, तर ज्ञानेश्वरी निर्मळ राहिली असती आणि तीन शतकांच्या वाचकांचे शब्दही आज आपल्या हाती असते.