कुत्र्या-मांजरांतील जंत : नैसर्गिक उपाय

कुत्र्या-मांजरांच्या आतड्यांत वाढणाऱ्या परजीवी कृमींवर वनस्पती, आहार व स्वच्छता यांच्या आधारे करायचे उपाय. यांपैकी स्वच्छता आणि कृमींचे जीवनचक्र तोडणे हा भाग खात्रीचा आहे. वनस्पतींचा वापर बहुतांशी परंपरेवर आधारलेला असून त्यांतील काही या प्राण्यांना घातक ठरतात.

प्रकार व प्रसार : गोलकृमी (टॉक्सोकारा) सर्वांत जास्त आढळतात. कुत्रीच्या शरीरात सुप्त राहिलेल्या अळ्या गर्भातच पिल्लांत शिरतात. मांजरीच्या पिल्लांना त्या दुधातून मिळतात. पोट फुगणे, केस निस्तेज होणे, वाढ खुंटणे ही लक्षणे दिसतात. अंकुशकृमी रक्त शोषतात. त्यांच्या अळ्या ओल्या मातीतून कातडीवाटे किंवा तोंडावाटे, तसेच कुत्रीच्या दुधातूनही शरीरात जातात. हिरड्या पांढुरक्या पडतात व लहान पिल्ले दगावू शकतात. डिपिलिडियम हा पट्टकृमी अंग चाटताना पिसू गिळल्याने होतो; त्याचे भाताच्या शितांसारखे तुकडे गुदद्वाराजवळ दिसतात. प्रतोदकृमी मुख्यतः कुत्र्यांच्या मोठ्या आतड्यात राहतात.

वनस्पतिज उपाय : वावडिंग, पळसाच्या बिया (पळसपापडी), शेंदरीच्या फळांवरील लाल भुकटी म्हणजे कपिला आणि किरमाणी ओवा यांना आयुर्वेदात कृमिघ्न मानतात. भोपळ्याच्या बियांतील कुकुर्बिटिन कृमींवर काही परिणाम करते; परंतु कुत्र्या-मांजरांसाठी खात्रीची मात्रा ठरलेली नाही. सुपारीतील अरेकोलिनाने पट्टकृमी लुळे पडतात व जुलाबावाटे बाहेर येतात. पट्टकृमीमुळे होणाऱ्या हायडॅटिड रोगाविरुद्धच्या न्यूझीलंडमधील मोहिमेत ते कुत्र्यांना देत असत. मात्र त्याने उलट्या, लाळ गळणे व हृदयाची गती मंदावणे असे त्रास होत. प्राझिक्वांटेल हे औषध आल्यावर ते मागे पडले.

धोके : लसूण व कांदा यांमुळे तांबड्या रक्तपेशी फुटून रक्तक्षय होतो, मांजरांना हा धोका अधिक. मांजराच्या यकृताला अनेक सुगंधी तेलांचा निचरा नीट करता येत नाही, म्हणून अशी तेले पाजू नयेत; कडुनिंबाचे तेलही पाजू नये. अंकुशकृमींनी आधीच रक्त कमी झालेल्या पिल्लावर घरगुती प्रयोग करण्यात गेलेले दिवस जिवावर बेततात.

प्रतिबंध : चरकसंहितेच्या विमानस्थानात माणसांतील कृमींसाठी अपकर्षण (कृमी बाहेर काढणे), प्रकृतिविघात (त्यांना पोषक स्थिती नाहीशी करणे) व निदानपरिवर्जन (कारण टाळणे) असा तिहेरी क्रम सांगितला आहे. पाळीव प्राण्यांत तिसरी पायरी फार मोलाची आहे. विष्ठेतील गोलकृमींची अंडी संसर्गक्षम व्हायला साधारण 2 ते 4 आठवडे लागतात. नंतर ती मातीत वर्षानुवर्षे टिकतात आणि नेहमीच्या जंतुनाशकांना दाद देत नाहीत. म्हणून विष्ठा रोज उचलावी. निजण्याची जागा कोरडी व उन्हात ठेवावी. कोरड्या उन्हात अंकुशकृमींच्या अळ्या मरतात. अंथरूण गरम पाण्यात धुवावे व पिसवांचा बंदोबस्त करावा. कच्ची कलेजी, फुप्फुसे घालू नयेत. त्यांतून हायडॅटिडचा पट्टकृमी कुत्र्यात येतो.

उपचार : प्रथम विष्ठा तपासून घ्यावी. कुत्र्याच्या पिल्लांना 2 आठवड्यांपासून व मांजराच्या पिल्लांना 3 आठवड्यांपासून पशुवैद्याच्या सल्ल्याने, वजनानुसार जंताचे औषध सुरू करतात. आईलाही ते सोबत देतात. ‘नैसर्गिक’ आणि ‘औषधी’ यांत भिंत घालण्याचे कारण नाही. आयव्हरमेक्टिन या कृमिनाशक औषधाचे मूळ जपानमधील मातीत सापडलेल्या जीवाणूत आहे. त्या शोधासाठी सातोशी ओमुरा व विल्यम कॅम्पबेल यांना 2015 च्या नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला. कॉली जातीच्या अनेक कुत्र्यांना मात्र आयव्हरमेक्टिनाची मोठी मात्रा बाधते.

मानवी आरोग्य : मातीत खेळणाऱ्या मुलांच्या पोटात टॉक्सोकाराची अंडी गेल्यास अळ्या यकृतात किंवा डोळ्यात पोहोचतात व दृष्टीही जाऊ शकते. अंकुशकृमींच्या अळ्या त्वचेखाली सरपटत खाजरे चट्टे उठवतात. त्यामुळे प्राण्यांचे जंतनिर्मूलन हे घरातल्या मुलांचेही संरक्षण होय.