मकापुनो : न रुजणाऱ्या नारळाची लागवड

फिलिपाइन्समधील माडांच्या बागांत क्वचित एखाद्या झाडाच्या घोसात असा नारळ निघतो की, जो हलविल्यास पाणी वाजत नाही आणि फोडल्यास घट्ट खोबऱ्याऐवजी मऊ, बुळबुळीत गराने भरलेला दिसतो. मकापुनो नावाचा हा नारळ मिठाईसाठी चढ्या भावाने विकला जाई, परंतु रुजत मात्र कधीच नसे. साध्या नारळाच्या डोळ्याखालचा भ्रूण, म्हणजे बीजातील अंकुर, वाढू लागला की त्याचा स्पंजासारखा भाग पोकळीत फुगत जातो व खोबरे शोषून कोंबाला महिनोन्‌महिने पोसतो. मकापुनोचा गर हे पोषण पुरवू शकत नाही, त्यामुळे भ्रूण निरोगी असूनही नारळ कुजून जातो.

शेतकऱ्यांनी शोधलेली वाट त्यांच्या बारीक निरीक्षणाची साक्ष देते : त्याच घोसातले साधे नारळ ते रुजत घालीत, कारण त्यांपैकी काहींत मकापुनोचा गुण दडलेला असे. हा गुण अप्रभावी घटकाचा, म्हणजे मातृवृक्ष आणि पराग या दोहोंकडून आला तरच प्रकटणारा आहे, असे टॉरेस यांनी १९३७ साली मांडले. साहजिकच असा दडलेला गुण असलेल्या माडावर मकापुनो फळे फार तर चौथा हिस्सा धरत, आणि शेजारच्या साध्या माडांचे पराग मिसळल्याने बहुधा त्याहूनही कमी. केवळ मकापुनोच देणारा माड निसर्गात उभाच राहू शकत नव्हता.

भ्रूण फळातून काढून निर्जंतुक पोषकद्रवावर वाढविण्याचे तंत्र, म्हणजे भ्रूणसंवर्धन, हानिग यांच्या १९०४ मधील प्रयोगांपासून चालत आले होते. १९४१ साली व्हॅन ओव्हरबीक व सहकाऱ्यांनी धोतऱ्याचे कोवळे भ्रूण वाढविले ते नारळाच्याच पाण्याच्या आधाराने, हा योग लक्षणीय आहे. फिलिपाइन्समधील लॉस बान्योस येथील संशोधक एमेरिटा डी गुझमन यांनी १९६० च्या दशकात मकापुनोचा जेमतेम काही मिलिमीटर लांबीचा भ्रूण गरातून सोडवून शर्करा व क्षार असलेल्या माध्यमावर ठेवला आणि त्याला कोंब व मुळे फुटेपर्यंत काचपात्रात जोपासले. दुर्मीळ झाडाच्या प्रती काढणे एवढेच ऊतीसंवर्धनाचे, म्हणजे वनस्पतीचे भाग काचपात्रात वाढविण्याचे, काम बहुधा समजले जाते. येथे मात्र निसर्गाने जगू न दिलेल्या झाडालाच प्रथम जन्म मिळाला, आणि म्हणून हे कार्य अधिक मोलाचे ठरते. काचपात्रातून मातीत जाताना अनेक रोपे दगावत, पण जी तगली ती साध्या माडांच्या परागांपासून दूर लावल्यावर त्यांना जवळजवळ सर्वच नारळ मकापुनो धरू लागले.