आद्य मराठी लेखाचा शोध आणि मतत्यागाचे मोल

मराठीच्या इतिहासाचे अध्यापन करताना एक वाक्य अनेक पिढ्यांनी श्रद्धेने उच्चारले आहे. श्रवणबेळगोळ येथील गोमटेश्वराच्या पायाशी कोरलेला लेख हा मराठीचा पहिला लेख, व त्याचा काळ इ. स. ९८३, असे ते वाक्य होय. मूर्ती चावुंडरायाने करविली, ती दहाव्या शतकाच्या अखेरीस उभी राहिली, म्हणून लेखही त्याच काळचा, असा हा युक्तिवाद. तो सरळ दिसतो; परंतु कृतीचा काळ आणि ती कृती नोंदविणाऱ्या अक्षरांचा काळ एकच असतो, हे त्यात न तपासता गृहीत धरले आहे.

या गृहीतकाला हादरा दिला तो त्याच शिळेवरील दुसऱ्या ओळीने. मूर्तीभोवतीचे आवार गंगराजाने करविल्याचे ती सांगते. गंगराज हा होयसळ विष्णुवर्धनाचा सेनापती, म्हणजे बाराव्या शतकातील पुरुष. दोन्ही ओळींचे वळण एकच. तेव्हा दोन्ही एकाच वेळी, इ. स. १११६-१७ च्या सुमारास कोरल्या गेल्या असे मानणे भाग पडते. ‘प्राचीन मराठी कोरीव लेख’ (१९६३) या ग्रंथाचे संपादक शं. गो. तुळपुळे यांनी हे मत मांडले. त्यामुळे लेखाचे महत्त्व नष्ट झाले नाही. त्याचे आद्यत्व मात्र गेले.

त्यानंतर दृष्टी वळते ती सोलापूर जिल्ह्याकडे. भीमा व सीना यांच्या संगमावर हत्तरसंग कुडल येथील संगमेश्वर मंदिरात शके ९४०, म्हणजे इ. स. १०१८ चा लेख असून त्याची अखेरची ओळ मराठी आहे. जो हे वाचील तो विजयी होईल, असा तिचा आशय. हा लेख सोलापूरचे संशोधक आनंद कुंभार यांनी प्रकाशात आणला. अलिबागजवळील अक्षीच्या लेखाला कित्येक विद्वान शके ९३४ चा मानून त्याहून जुना ठरवितात. परंतु त्या शकांकाच्या वाचनाविषयी मतभेद आहेत. म्हणजे एक ‘आद्य’ सोडून दुसऱ्याला तितक्याच निष्ठेने कवटाळणे, हाही दोषच ठरेल.

येथे आणखी एक समजूत तपासावयास हवी. कुडल हे नाव कन्नड असून त्याचा अर्थ संगम असा आहे. आणि तेथेच मराठी वाक्य कोरलेले सापडते. उलट, श्रवणबेळगोळ कर्नाटकात असून तेथेही मराठी आहे. भाषांच्या आजच्या सीमा अकराव्या शतकावर लादल्या, तर हे दोन्ही लेख अपवाद वाटतील. त्या लादल्या नाहीत, तर ते त्या काळाचे स्वाभाविक चित्र ठरते. तसेच, पहिला उपलब्ध लेख म्हणजे भाषेचा जन्म नव्हे. शके ७०० मधील उद्द्योतनसूरीच्या ‘कुवलयमाला’ ग्रंथात मरहट्ट लोकांच्या बोलीचा निर्देश आहे. तो या सर्व लेखांहून दोनशेहून अधिक वर्षांनी जुना आहे.

पंढरपूर तालुक्यातील करकंबपासून कुडलपर्यंतचा प्रदेश हा भीमेच्या खोऱ्याचाच भाग. येथील एखाद्या ग्रामनामाची व्युत्पत्ती सांगणारी कथा अभ्यासकाच्या कानी पडली, तर तिचा उपहास करू नये, आणि तिला पुरावाही मानू नये. नावाचा जुन्यात जुना लिखित उल्लेख कोणता, त्याचा काळ कोणत्या आधारे ठरतो, मधल्या ध्वनिपरिवर्तनाला अन्यत्र दाखले आहेत काय, हे तीन प्रश्न आधी विचारावेत.

भाषेच्या प्राचीनतेचा अभिमान स्वाभाविक आहे. परंतु तो सनांवर अवलंबून ठेवला, की सन बदलताच मन दुखावते व पुरावा शत्रू वाटू लागतो. श्रवणबेळगोळच्या लेखाने सव्वाशेहून अधिक वर्षे गमावली, म्हणून मराठीने काही गमावले नाही. उलट तिच्या इतिहासाचा पाया अधिक भक्कम झाला. तेव्हा पाठ्यपुस्तकांत अजूनही आढळणारे ते जुने वाक्य यापुढे अध्यापकांनी तरी पुराव्यासह दुरुस्त करूनच उच्चारावे, हे उचित होय.