आप्तसंबंध आणि गुणपद्धती : कॅनडाच्या स्थलांतर-नियमांचा एक विचार

कुशल कामगाराची निवड त्याच्या अंगच्या गुणांवर व्हावी, हे गुणपद्धतीचे मूळ तत्त्व होय. असे असूनही कॅनडाने 1 ऑक्टोबर 1967 पासून ही पद्धती अमलात आणली, तेव्हा तीत आप्तसंबंधांस स्थान ठेवले. त्याचा अर्थ पूर्वेतिहासाच्या आधारेच लावावा लागतो.

1908 च्या नियमान्वये, मायदेशाहून अखंड प्रवास करून न आलेल्यास कॅनडात प्रवेश नाकारता येत असे. भारतीयांस त्यामुळे दार जवळजवळ बंद झाले. तेथे आधीच राहणाऱ्यांस बायकामुले आणण्याची मुभा 1919 मध्ये मिळाली. 1951 च्या करारानेही भारतातून वर्षाला केवळ 150 जणांची सोय झाली. 1962 च्या नियमांनी कुशल कामगारांपुरता वंशभेद दूर केला खरा. परंतु भाऊबहिणींसारख्या आप्तांस बोलावण्याचा अधिकार मुख्यतः युरोप व अमेरिका खंडांतून आलेल्यांकडेच राहिला. तो भेद 1967 मध्ये संपला.

नव्या पद्धतीत स्वतंत्र अर्जदारास 100 पैकी 50 गुण आवश्यक होते. त्यांपैकी मदतीस तयार असलेल्या आप्ताबद्दल जास्तीत जास्त 5 गुण मिळत. आप्ताने नामनिर्देश केलेल्या अर्जदाराची गोष्ट निराळी होती. त्याचे शिक्षण, व्यक्तिमत्त्व, व्यवसायाची मागणी, कौशल्य आणि वय एवढ्याच बाबी पाहिल्या जात, आणि गुणांची अटही सौम्य असे. भाषाज्ञान, ठरलेली नोकरी इत्यादी बाबी मोजल्याच जात नसत. कारण नवागतास स्थिरस्थावर करण्याची हमी आप्ताने घेतलेली असे. म्हणजे इंग्रजी वा फ्रेंच न जाणणाऱ्या सुतारास तेथील भाऊ भाषेच्या उणिवेची भरपाई करून देई. कायद्याने येथे रक्ताच्या नात्यापेक्षा आधाराचे मोल केले, असे म्हणावयास हरकत नाही.

पुढे 2002 च्या कायद्याखालील निवडीत आप्ताचे 100 पैकी 5 गुण ठरले. 2015 मध्ये सुरू झालेल्या क्रमवारीत 6 जून 2017 पासून कॅनडास्थित भावाबहिणीबद्दल 1200 पैकी 15 गुण देण्यात आले. मात्र 'भाऊ' या शब्दाची कायदेशीर व्याप्ती मराठीतील व्याप्तीहून संकुचित आहे. आईवडिलांपैकी निदान एक समान असावे लागत असल्याने चुलतभाऊ व मामेभाऊ तीत बसत नाहीत. उलटपक्षी, मराठीने काळजीपूर्वक वेगळे राखलेले काका, मामा आणि मावशीचे यजमान हे 2002 च्या यादीत एकाच इंग्रजी शब्दाखाली येतात.

गुण थोडे असले, तरी सीमेवर अडलेल्या अर्जदारास तेच निर्णायक ठरतात. परंतु ज्याच्या आप्तांस पूर्वी प्रवेशच नव्हता, त्यास ते मिळणार कोठून? नियम आज सर्वांस समान आहे. त्याचा लाभ मात्र कालच्या विषमतेच्या प्रमाणातच वाटला जातो. कायद्यातून वंशभेदाचा उल्लेख गेला म्हणजे त्याचा परिणामही त्याच दिवशी गेला, असे इतिहासाच्या अभ्यासकास म्हणता येणार नाही.